टाकीची पहिली टिचकी

पुष्कळ पावसाळ्यांपूर्वी प्राणहितेच्या काठी मलय्या पाथरवटाकडे एक म्हातारी टाकी होती. एकदा मलय्याने नदीच्या दरडीतला एक लांबट दगड मूर्तीसाठी आणला.

दगड थरथरला. टाकी म्हणाली, "भिऊ नको रे. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही."

"मावशी, मला देव नाही व्हायचं. मी एका जनावराच्या मांडीचं हाड आहे. ताडाएवढी मान होती त्याची. ते मेलं तेव्हा गाळानं मला पोटाशी धरलं आणि एकही घाव न घालता दगड केलं. मी फुटलो, तर त्याची आठवण कोण ठेवील?"

"अगं बाई! एवढं मोठं जनावर खायचं तरी काय?"

"झाडांचे शेंडे."

टाकी हसली, तोच वरून हातोडा आला. टाकी मुद्दाम कलंडली. तिचं टोक मोडलं आणि दगडाचा नुसता टवका उडाला. आत हाडासारखी जाळी दिसली. मलय्याने त्या जाळीवरून हात फिरवला आणि दगड हलकेच उचलून अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली ठेवला.

"हा घडवायचा नाही का?" बायकोने विचारलं.

"तो घडूनच आलाय."

लोहाराने टाकीला नवं टोक काढून दिलं. तेव्हापासून ती घावाआधी प्रत्येक दगडाला हळूच टिचकी मारते आणि विचारते, "बाबा, आधी कोण होतास?"