गोटूचा लाल कवडसा

एक होती उंदरीण. एवढीशी, चिमटीभर. तिचं नाव इटुकली. तांबटाच्या घरात, भिंतीत तिचं बीळ होतं. बिळात होता एक तांब्याचा पैसा. लाल लाल, गोल गोल.

दुपारी फटीतून ऊन यायचं. पैशावर पडायचं. भिंतीवर लाल कवडसा नाचायचा. इटुकलीचा तान्हा गोटू कवडसा बघायचा, बघायचा आणि झोपायचा.

एके दिवशी ऊन आलं, पण कवडसा आलाच नाही. पैसा झाला होता काळा. कडेला तर हिरवा. गोटू रडला, चूं चूं चूं. काही केल्या झोपेना. इटुकलीचा जीव कासावीस झाला.

"पैशा, पैशा, तुझी लाली कुणी नेली?"

पैसा म्हणाला, "कुणी नाही नेली. हवा लागली, पाणी लागलं. तांबं आधी काळं होतं, मग हिरवं होतं. लाली आत आहे. चिंच चोळ, मग चमकेन."

इटुकली निघाली अंगणात. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चिंचताई, चिंच दे. चिंच चोळीन, पैसा चमकेल, गोटू झोपेल."

चिंच म्हणाली, "वारा फांदी हलवेल, मग देईन."

वारा झोपला होता भट्टीपाशी, भात्याच्या पोटात. इटुकली गेली तिथे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वारेदादा, फांदी हलव. फांदी हलेल, चिंच पडेल. चिंच चोळीन, पैसा चमकेल, गोटू झोपेल."

वारा आतून म्हणाला, "भाता मला सोडेल, मग हलवीन."

"भातेकाका, वारा सोड. वारा सुटेल, फांदी हलेल, चिंच पडेल. चिंच चोळीन, पैसा चमकेल, गोटू झोपेल."

भाता म्हणाला, "भागूमावशी ओढेल, मग सोडीन."

भागूमावशी तांबटीण. ती बसली होती तिथेच, गालाला हात लावून.

"भागूमावशी, भाता ओढ. भाता फुगेल, वारा सुटेल, फांदी हलेल, चिंच पडेल. चिंच चोळीन, पैसा चमकेल, गोटू झोपेल."

भागूमावशी म्हणाली, "कशी ओढू, बाई? भात्याच्या दोरीला गाठ बसली. गाठ सुटेल, मग ओढीन."

आता विचारायला कुणीच उरलं नाही. आतून गोटूचं रडू ऐकू आलं. चूं चूं चूं.

"गाठच ना?" इटुकली म्हणाली. "ती मी सोडवते."

कुरतुड, कुरतुड, कुरतुड.

गाठ सुटली. मावशीनं भाता ओढला, फूस फूस. वारा सुटला, सूं सूं. फांदी हलली, सळसळ. चिंच पडली, टप. इटुकलीनं जराशी चाटून पाहिली. बाई गं, आंबट.

मग तिनं चिंच चोळली. काळं गेलं. हिरवं गेलं. पैसा झाला लाल लाल. ऊन आलं, कवडसा नाचला. गोटूनं एक डोळा मिटला. मग दुसरा.

वारा फटीतून डोकावला. हळूच म्हणाला, "मी पुन्हा लागेन हं पैशाला. तो पुन्हा काळा होईल."

"होऊ दे," इटुकली म्हणाली. "चिंच आहे, माझे दात आहेत. आता गप. बाळ झोपलंय."

चिंच आंबट, पैसा लाल,
झोपेत हसले गोटूचे गाल.