गटारावरची सभा

"गटारावरची फरशी म्हशीनं मोडली," शेळी म्हणत होती.

"आणि तिथं खुणेला खोवलेली फांदी कुणी खाल्ली?" म्हशीनं विचारलं.

जनावरं आपापल्या आळीचा कारभार स्वतःच बघायची, त्या काळातलं हे भांडण. सगळी मंडळी गटाराच्या उघड्या भोकाभोवती जमली होती, कारण सकाळी कोंबडीचं पिल्लू त्यात पडलं होतं आणि खालच्या पाण्यातून चिवचिवत होतं.

कोंबडी म्हणाली, "म्हशीबाई, तुमचं शेपूट लांब आहे. तेवढं खाली सोडा, पिल्लू धरून वर येईल."

"सोडलं असतं गं," म्हैस म्हणाली, "पण मग फरशी मीच मोडली असं ही सगळी धरून चालतील. आधी काय ते ठरू दे."

"ठरवूच," पंच म्हणून बसलेला कुत्रा म्हणाला. "कोंबडीबाई, मध्ये बोलू नका. तुमची पाळी आली की बोला."

मग फरशी मुळातच कच्ची होती का आणि फांदी फारच कोवळी होती का, यावर दुपार टळली. शहाण्यांची सभा होती ना ती. कोंबडी भोकात मान घालून बसून राहिली. शेवटी कुत्र्यानं तिची पाळी पुकारली.

तिनं मान वर काढली आणि म्हणाली, "आता भांडा सावकाश, खालचा आवाज बंद झालाय."