धाकट्या ड्यूकचा वाटा

एकदा काय झालं, दूर जर्मन मुलखात एक ड्यूक वारला. ड्यूक म्हणजे राजाहून बोटभर कमी, बरं का. त्याला दोन मुलगे. थोरला एकबर्ट, तो घाईचा. धाकटा वालराम, तो अगदी सावकाश.

त्या घराची रीत अशी, की बाप गेला की राज्याचे वाटे करायचे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं हवा तो उचलायचा. मग थोरला लबाडी करील कशाला? आपल्याला कुठला उरेल ते त्याला कुठं ठाऊक असतं!

रीत चांगली होती. पण त्यांच्या अंगणात एक सिंह होता. राज्याचे वाटे झाले, की दुसऱ्या सकाळी सिंहाचेही दोन सिंह व्हायचे, लहान लहान. पणजोबाचा सिंह बैलाएवढा होता. आजोबाचा वासराएवढा. बापाचा झाला मांजराएवढा, बशीतलं दूध प्यायचा. राज्यही तसंच. न्याहारी करून निघालं, तर जेवणाच्या आत शीव यायची. वालराम त्या सिंहाला मांडीवर घेऊन बसायचा. आता वाटणी झाली तर हा उंदराएवढा होणार, मग एखादं मांजरच याला खाणार, ही काळजी त्याला लागली.

मग एकबर्टानं तीन दिवसांत दगड रोवून शीव पाडली. पाणचक्की इकडे, ओढा तिकडे. चक्कीला पाणी नाही, पाण्याला चक्की नाही. पण वाटे अगदी सारखे. मग तो म्हणाला, उचल.

वालराम म्हणाला, बघतो. मग तो शेतं बघत हिंडला. हिवाळा आला, तर म्हणाला, बर्फाखाली जमीन कशी दिसते तेही बघायला हवं.

मग एकबर्टानं म्हाताऱ्या पाद्र्याला कायद्याचं पुस्तक देऊन धाडलं. पाद्र्यानं वाचून दाखवलं, धाकट्यानं वाटा उचलावा. वालरामनं हळूच विचारलं, किती दिवसांत? पाद्र्यानं तीनदा पानं चाळली. तसं काही लिहिलेलंच नव्हतं. मग तो गरम सूप पिऊन परत गेला.

मग तिसऱ्या खेपेला एकबर्ट स्वतःच आला. वालराम ओढ्याकाठी बसला होता.

"तुला वाटा उचलायचा तरी आहे का? गावातली पोरंसुद्धा मला हसायला लागलीत."

"उचलायचाय की, दादा. पण इकडचा घेतला, तर तू तिकडे जातोस. तिकडचा घेतला, तर तू इकडे राहतोस. वर्षभर बघतोय मी. कुठलाही घेतला, तरी माझ्या वाट्यात तू नाहीस. तू ज्यात असशील असा एक पाड, आत्ता उचलतो."

असा वाटा कसा पाडायचा, ते काही एकबर्टाला सुचेना. मग तो शेजारी बसला. आणि म्हणाला, "मग कर बाबा सावकाश विचार."

झालं. दोघांची लग्नं झाली, मुलंबाळं झाली, चक्की फिरत राहिली. सिंह काही मोठा झाला नाही, पण एकच राहिला. शिवेच्या दगडांवर शेवाळ चढलं. आणि वाटणीचं कुणी विचारलं, तर एकबर्टच सांगायचा, थांबा जरा, धाकटा अजून विचार करतोय.

सगळे सुखानं राहिले. वालराम म्हातारा झाला, तरी त्याचा विचार काही पुरा झाला नाही.

चला, पांघरुणं घ्या, डोळे मिटा. तुम्ही कुठला वाटा उचलला असता? घाई नाही.