खारीची शिवाशिवी

झाडांना माणसांनी अजून नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका डेरेदार झाडावर झिपरी नावाची खार तिच्या तीन पिल्लांसह राहायची. दाणे वेचायचे, घरटं सारखं करायचं, पिल्लांना भरवायचं, यातच तिचा दिवस मावळायचा.

एकदा तिच्या मागे मुंगूस लागलं. झिपरी कशीबशी झाडावर चढली, पण तिला इतकी धाप लागली की बोलवेना.

"रोज थोडं धावत जा गं," शेजारची साळुंकी म्हणाली.

झिपरीने मनावर घेतलं. दोन दिवस ती एकटीच धावली. तिसऱ्या दिवशी कंटाळून पुन्हा कामाला लागली. तेवढ्यात धाकट्या भिंगरीने तिच्यासमोरचं बोर पळवलं. "आई, मला पकड!"

झिपरी रागानेच मागे धावली. खोडाला वेढे घालत दोघी शेंड्यावर पोचल्या, तोवर राग कुठल्या कुठे गेला होता. झिपरी पोट धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिन्ही पिल्लं तिला उठवायला आली. मग रोजच शिवाशिवी रंगू लागली.

महिन्याभराने एका सकाळी पिल्लं दमून फांदीवर आडवी पडली. "आई, पुरे ना गं आता!"

"एवढ्यात?" वरच्या फांदीवरून झिपरी म्हणाली. "चला, अजून एक फेरी!"