करकोच्यांच्या चुकलेल्या फेऱ्या

फार फार वर्षांपूर्वी, रस्ते अजून डोंगर चढायला शिकले नव्हते तेव्हा, एक डोंगराळ राज्य होते. तिथली माणसे एका गावाहून दुसऱ्या गावाला पक्ष्यांवरून जात. कशी जात, ते मला विचारू नका. जात होती, एवढे खरे.

लांबच्या प्रवासाला गरुड असत. गरुडाच्या पोटाखाली वेताचा मोठा पाळणा बांधलेला असे आणि त्यात अख्खे वऱ्हाड मावे. गरुड राजधानीला जात, समुद्राकाठी जात, शेजारच्या राज्यातही जाऊन येत. पण त्यांचे पंख इतके रुंद, की उतरायला मोकळा माळ लागे. कड्याकपारीतल्या वाड्यांवर त्यांना पाय टेकता येत नसे.

तिथे करकोचे जात. करकोच्याच्या पाळण्यात चार माणसे आणि फार तर एक कोंबडी, एवढीच जागा. पण करकोचा अंगणाएवढ्या जागेतही अलगद उतरे. वाड्यावाड्यांतली माणसे उचलून तो गरुडांच्या माळावर आणून सोडी. पुढचा प्रवास गरुडावरून.

गरुडांच्या मालकाला सगळे गरुडशेठ म्हणत. करकोच्यांची मालकीण एक पोक्त बाई होती, तिला सगळे आक्का म्हणत. दोघांत करार होता. करकोच्यांनी गळ्यात गरुडशेठची लाल पट्टी बांधायची आणि ठरलेली फेरी चुकवायची नाही. त्याच्या बदल्यात गरुडशेठने आक्काच्या करकोच्यांना आणि माणसांना वर्षभर पोसायचे. फार फेऱ्या चुकल्या, तर करार मोडला. करार झाला त्या दिवशी दोघांनी एकमेकांना गूळ भरवला होता. गूळ काय, लगेच विरघळतो. करार मात्र मागे राहतो.

आता पक्ष्याला उडता येते, पण माणसांना कुठे जायचे आहे हे त्याला काय ठाऊक? म्हणून पक्ष्याच्या मानेवर एक स्वार बसे. स्वार व्हायचे तर आधी आक्काकडे यावे लागे. वारा कोणत्या खिंडीतून अंगावर येतो, धुके कुठे साचून राहते, पक्षी रुसला तर त्याची समजूत कशी काढायची, हे सगळे ती शिकवी. शिकता शिकता मुले पडत, रडत, पुन्हा चढत. करकोचे सहन करत. स्वभावाने ते फार सोशिक.

एके वर्षी गरुडशेठने नवे गरुड आणले. नव्या गरुडांना नवे स्वार हवेत. पण शिकवत बसायला वेळ कुणाला होता? तयार स्वार आक्काच्या तळावर होतेच. गरुडशेठने त्यांना दुप्पट शिधा देऊ केला आणि वर जरीकाठाचा लाल फेटा. फेट्याचा मोह मोठमोठ्यांना आवरत नाही, तिथे तरण्याताठ्या स्वारांची काय कथा! एकेक जण आक्काच्या पाया पडायला येऊ लागला. आक्का त्याच्या हातात नारळ देई, डोळे पुसून "सुखी राहा, वारा सांभाळ" म्हणे. आपली मुले मोठ्या पक्ष्यावर चढली याचा तिला अभिमान वाटे. वाटायलाच हवा. पण अभिमानाने काही फेरी जात नाही.

फेऱ्या चुकू लागल्या. आज या वाडीची, उद्या त्या वाडीची.

त्या राज्यातले करकोचे बोलत, पण कामापुरतेच. गरुडांनाही बोलता येत असे, पण ते तोऱ्यात गप्प बसत. आक्काच्या तळावरचा सगळ्यात म्हातारा करकोचा एकदा तिला म्हणाला, "आक्का, स्वार उरले नाहीत. फेऱ्या कमी कर."

"अरे, वाडीवरची माणसं गाठोडी बांधून वाट बघत असतात. त्यांना काय सांगू?"

"जमत नाही म्हणून सांग."

"तसं सांगितलं तर करार जाईल ना!"

म्हाताऱ्याने मान पंखात घातली. कामापुरते बोलून झाले होते.

आक्काच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी निघतच नसे. तिने पदर खोचला आणि ती स्वतःच करकोच्यावर चढली. सकाळी या वाडीला, दुपारी त्या वाडीला, संध्याकाळी पलीकडच्या डोंगराला. गुडघे कुरकुरत, पाठ धरे, पण ती उडतच राहिली. असे किती दिवस चालणार?

एके सकाळी तिने एका वाडीवरून नवरदेव उचलला. त्याच्याबरोबर आई, वडील आणि मामा. मामा सगळ्यांत नटलेला. माळावर गरुड थांबला होता, राजधानीत नवरी थांबली होती, आणि मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाही. कोवळे ऊन होते, वारा मंद होता. आक्काचा डोळा कधी लागला, तिचे तिलाच कळले नाही.

स्वाराचा हात सैल पडला, की करकोचा एकाच ठिकाणी जातो. जिथे मासे असतात तिथे. या करकोच्यानेही तेच केले. मोठ्या प्रेमाने त्याने सगळे वऱ्हाड दलदलीच्या तळ्यात नेऊन उतरवले आणि तो आपला नाश्त्याला लागला.

आक्काला जाग आली ती मामाच्या ओरडण्याने. नवरदेव गुडघाभर चिखलात उभा होता. मामाच्या धोतरात बेडूक शिरला होता. माळावरचा गरुड वेळ झाल्याबरोबर रिकामाच उडून गेला. मुहूर्त टळला. नवरीच्या बापाने जाब कुणाला विचारला? करकोच्याच्या गळ्यात पट्टी गरुडशेठची, तेव्हा बोलणीही गरुडशेठलाच बसली.

लग्न पुढे चांगल्या मुहूर्तावर लागले, काळजी नसावी. पण गरुडशेठ रागाने लाल होऊन तळावर आला.

"पुरे झालं आक्का. करार मोडला."

"शेठ, असं करू नका. करार मोडला तर या पाखरांना मी काय घालू? आणि वाड्यांवर कोण जाईल?"

"ते माझं मी बघेन. फेऱ्या तुम्ही चुकवल्यात."

"स्वार कुठं आहेत माझ्याकडे? माझे स्वार तुम्ही नेलेत."

"मी नेले?" गरुडशेठ हसला. "ते आपल्या पायांनी आले. स्वार घ्यायचे नाहीत असं करारात ठरलं होतं का? सांगा ना!"

तसे ठरले नव्हते. ठरवून बोलणाऱ्या माणसापुढे साध्या माणसाचे नेहमी असेच होते, आणि मला त्याचा फार राग येतो.

गरुडशेठ गेल्यावर आक्का करकोच्यांमध्ये जाऊन बसली. करार गेला तर त्यांना रानात सोडून द्यावे लागणार होते. कड्यावरच्या वाड्यांना मग ना बाजार, ना वैद्य, ना माहेर. तिला भीती वाटली. एवढ्या वर्षांत वादळाला ती भ्याली नव्हती, पण त्या दिवशी भ्याली. मग उठून तिने तोंड धुतले आणि राणीकडे दाद मागितली.

त्या राज्याची राणी न्यायनिवाडा उघड्या माळावरच करी, कारण पक्षी दरबारात मावत नसत. समोर भाजलेल्या शेंगांची टोपली असे. वादी बोलू लागला की राणी शेंगा सोलू लागे. ती ऐकत नाही असे नव्या माणसाला वाटे, आणि तिथेच नवा माणूस फसे.

गरुडशेठ आला तो आपले सगळे स्वार घेऊन. लाल फेट्यांच्या रांगाच रांगा बसल्या. आपला पसारा बघून राणीवर छाप पडेल, असा त्याचा हिशेब होता. आक्काबरोबर होता एकटा म्हातारा करकोचा.

गरुडशेठने आपले म्हणणे मांडले. चांगले मांडले, खोटे कशाला बोला.

राणीने विचारले, "आक्का, फेऱ्या चुकल्या?"

"चुकल्या, राणीसाहेब."

"वऱ्हाडाला तळ्यात उतरवलंत?"

"उतरवलं. झोप लागली मला."

माळभर हशा पिकला. फेटेवाले मात्र हसले नाहीत. ते पायांकडे बघत होते.

"करारात होतं तसं झालं नाही, हे तर तुम्हीच म्हणता," राणी म्हणाली. "मग करार मोडला, असंच म्हणायला हवं."

गरुडशेठने मिशीवर हात फिरवला. राणीने आणखी एक शेंग फोडली.

"पण स्वार का नव्हते?"

आक्काने लाल फेट्यांकडे पाहिले. प्रत्येकाचे नाव तिला ठाऊक होते. कोण उंचीला भ्यायचा, कोण पहाटे उठायला कंटाळायचा, तेही ठाऊक होते. तिच्याने तक्रार होईना.

"गेले आपापल्या वाटेनं," ती म्हणाली. "पोरांचा काही दोष नाही, राणीसाहेब. मोठ्या पाखरावर बसावंसं कुणाला वाटत नाही?"

राणीचे शेंगा सोलणे थांबले. ती फेट्यांकडे वळून म्हणाली, "तुमच्यातले जे आक्कांच्या तळावर उडायला शिकले, त्यांनी उभं राहावं."

कुणी हलेना. सगळे गरुडशेठच्या तोंडाकडे पाहू लागले. मग मागच्या रांगेतला एक आडदांड स्वार उठला. त्याच्या शेजारचा उठला. मग पुढची रांग, मग मधली, आणि बघता बघता सगळा माळ लाल फेट्यांनी उभा राहिला. बसलेला स्वार म्हणून एकही उरला नाही.

बसला होता तो फक्त गरुडशेठ.

तेवढ्यात म्हाताऱ्या करकोच्याने घसा खाकरला. "शेठ," तो म्हणाला, "तुम्ही बसलेलेच?"

माळावरच्या सगळ्या माना शेठकडे वळल्या.

"आक्काच्या वडिलांचा तळ होता तेव्हा. पहिल्या दिवशी तुम्ही भिऊन माझी मान अशी आवळलीत, की मला पुढे दोन दिवस मासा गिळवला नाही. मी कधी बोललो नाही. पण आता कामाचं बोलणं निघालंय."

गरुडशेठचा चेहरा कसनुसा झाला. चाळीस गरुडांचा धनी तो, पण त्या घटकेला करकोच्याच्या मानेला बिलगलेले भित्रे पोर त्याला स्वतःच्याच आत दिसले. त्याने एकवार आक्काकडे पाहिले. मग हळूहळू तोही उभा राहिला.

"खरं आहे," तो म्हणाला. "मीही तिथलाच."

त्याला मी बरीच नावे ठेवली, पण हे तो सगळ्यांसमोर बोलला, हेही सांगितले पाहिजे.

राणीने निवाडा दिला. "करार मोडलेला नाही. स्वार नसल्यामुळे चुकलेल्या फेऱ्या आक्कांच्या माथी मारायच्या नाहीत. शेठ, पोरांनी मोठ्या पाखरावर जावं, त्याला माझी ना नाही. पण इथून पुढे जो स्वार न्याल, त्यानं आधी आपल्या जागी दुसरा तयार करायचा. तोवर त्याचा फेटा तुमच्या पेटीत राहील."

"कबूल," गरुडशेठ म्हणाला.

"आणि आक्का, तुमचंही चुकलंच. जमत नाही तेव्हा नाही म्हणायचं. तुमच्या 'हो'वर भरवसा ठेवून माणसं पाळण्यात बसतात."

आक्काने मान खाली घातली. "चुकलंच माझं," ती म्हणाली.

राणीने टोपली पुढे केली आणि दोघांनाही शेंगा दिल्या. गूळ आधीच खाऊन झाला होता.

दुसऱ्या दिवशी आक्काच्या तळावर कितीतरी जुने स्वार आपणहून हजर झाले. नवी मुले शिकून तयार होईपर्यंत ते तिथेच राहिले. फेटे त्यांनी घरी ठेवले होते, कारण खिंडीतला वारा फेटा-बिटा जुमानत नाही. गरुडशेठने आपल्या धाकट्या मुलीलाही शिकायला पाठवले. ती पहिल्याच दिवशी पडली, रडली आणि पुन्हा चढली. कड्यावरच्या वाड्यांत करकोचे पुन्हा वेळेवर उतरू लागले. माहेरवाशिणी आल्या, वैद्य आला, आणि एका वाडीने तर करकोच्यांसाठी मुद्दाम माशांचे डबके खणले.

आणि आक्का? ती आता उन्हे अंगणात येईपर्यंत झोपू लागली. कुणी जास्तीची फेरी मागितली आणि स्वार मोकळा नसला, तर ती सरळ म्हणे, "नाही!" पण हा शब्द ती इतक्या आनंदाने आणि इतक्या खणखणीत आवाजात म्हणे, की काही माणसे तो ऐकायलाच फेरी मागायला येत.

लहानांनी आणि थोरांनी या गोष्टीतून एवढे घरी न्यावे: ज्याच्या घरची घडवलेली माणसे आपण नेली, त्याचे घर रिकामे पडले म्हणून त्यालाच बोल लावू नये.