थोरलीचा झिरा

विहाराची विहीर खणताना माणसाच्या उंचीचं एक मांडीचं हाड निघालं. उत्तिय नावाचा भिक्खू म्हणाला, "झकास! दाराला पायरी होईल." भिक्खूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी हाडावरची माती पुसली, तिथंच बसले आणि ही मागच्या जन्माची गोष्ट सांगितली.

नगरं वसली नव्हती, राजा हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता. माणसं टोळ्यांनी नद्यांच्या काठानं हिंडत. तेव्हा बोधिसत्त्व एका टोळीत माग काढणारा होऊन जन्मला होता. ठसा बघून जनावराचं वय, भूक, लंगडणं, सगळं सांगायचा.

टोळीची एक रीत होती. वणवा लावून हत्ती कोंडायचे आणि माग काढणाऱ्यानं एकदाच बोट उचलायचं. बोट जिकडे, सगळे भाले तिकडे. त्या दिवशी दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. बोट जायचं ते कळपाच्या थोरल्या हत्तिणीकडे, कारण चरबी तिच्या अंगावर. ते हत्ती म्हणजे आजचे नव्हेत बरं! आजचा हत्ती त्यांच्या खांद्याला लागला असता. थोरली पडली की बाकीचा कळप सैरभैर व्हायचा आणि पंधरा दिवसांत कोरड्या पात्रात मरून पडलेला सापडायचा. टोळी म्हणायची, "नदीबाईनं आयतं वाढलं!" मग खायचं आणि नाचायचं. बोधिसत्त्वही नाचला होता, खोटं कशाला सांगायचं?

एका वर्षी मात्र त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. खाता खाता उठायचा, पात्रात जाऊन वाळू उकरायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. पूर्वी थोरल्या हत्तिणी सोंडेनं वाळू हुंगून नेमक्या जागी झिरे उकरायच्या. त्या खड्ड्यांतलं पाणी हरणं प्यायची, हरणांमागे वाघ यायचा, वाघाच्या उष्ट्यावर कोल्हे जगायचे. आता झिरे बुजले होते. काटेरी झुडपं मोडायला हत्ती नाहीत, म्हणून गवत दबलं. गवत नाही म्हणून हरीण नाही. त्याची लेक रेवी ओली बाळंतीण होती आणि तिचं दूध आटत चाललं होतं.

"बाबा, एका जागी बसा तरी," ती म्हणायची. "तुमच्याकडे बघून माझाच जीव घाबरा होतो."

"बसलो की जास्त भीती वाटते गं," तो म्हणायचा आणि उठायचा.

एके दिवशी ओढ्याकाठी सात हत्तींचे ठसे दिसले. टोळीचा म्होरक्या तिरीट, बोधिसत्त्वाचा भाचा, आनंदानं उडालाच. "मामा, सात! वाचलो आपण!"

"वाचू. दहा दिवस."

"मग दुसरा कळप बघू."

"कुठला? तीन पावसाळे मी हिंडतोय, तिरीटा. डोंगराच्या अलीकडे एवढाच उरलाय. यांची मादी दोन-दोन उन्हाळे पिल्लू पोटात वागवते, आणि आपण एका दुपारी मारतो. थोरली गेली की झिरा कुठं उकरायचा हे कळपातल्या कुणालाच ठाऊक नसतं रे. नदीबाईनं काही वाढलं नव्हतं. तहानेनं मेले ते."

"रेवीचं पोर रडतंय, ते ऐकू येत नाही तुला?"

ऐकू येत होतं. तेच तर झोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वणवा लागला. कळप नदीच्या वळणात अडकला. थोरली पुढं, पिल्लं तिच्या पोटाखाली. तीस भाले वर झाले. "दाखव, मामा!" तिरीट ओरडला. रेवीचा ओढलेला चेहरा बोधिसत्त्वाच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यानं बोट उचललं आणि स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"वेड लागलंय का? खाली घे!"

"उचललेलं बोट खाली घ्यायची रीत नाही. आजची शिकार मी. मारा, नाहीतर भाले ठेवा."

तिरीटनं भाला त्याच्या छातीला लावला. टोक कातडीत रुतलं. तिरीट भुकेनं आणि रागानं रडायला लागला, पण हात पुढं जाईना. तेवढ्यात काठावरून रेवी पोराला घेऊन धावत आली. "दादा, टाक तो भाला!"

भाला वाळूत पडला. मग एकेक करून सगळेच पडले.

आग काठावरच विझली. कळप पात्रातून वर सरकला, थोरलीनं वाळू हुंगली आणि पायानं उकरायला सुरुवात केली. ओल लागली, मग पाणी. आधी पिल्लं प्याली, शेवटी ती. कळप गेल्यावर रेवी त्याच खड्ड्यापाशी ओणवी झाली आणि पोटभर पाणी प्याली.

त्या वर्षी टोळीनं कंद खाल्ले, उंदीर खाल्ले आणि बोधिसत्त्वाला येता-जाता शिव्या घातल्या. पण पोर जगलं. महिन्याभरानं झिऱ्यावर पहिलं हरीण आलं, आणि थोरलीकडे बोट करायचं नाही अशी नवी रीत तिरीटनंच घातली. डोंगरापलीकडच्या टोळ्यांत मात्र बोट थोरलीकडेच जात राहिलं.

एवढं सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा तिरीट म्हणजे हा उत्तिय. रेवी म्हणजे ही विहीर खणणाऱ्यांना पाणी आणून देणारी उपासिका नंदिका. माग काढणारा तो मी."

"आणि थोरली?" उत्तियानं विचारलं.

शास्त्यांचा हात हाडावरच होता. "तिची मी खूप वाट पाहिली. पण त्या मोठ्या हत्तींच्या कुळात जन्म घ्यायला आता आईच उरलेली नाही."

मग ते म्हणाले, "पोट भरल्यावर दया सगळ्यांनाच येते, उत्तिया. भुकेल्या पोटी आवरलेला हात, त्याला करुणा म्हणायचं."

उत्तियानं दाराला साध्या दगडाची पायरी बसवली.