तिसा नदीतून आलेलं कूळ

हंगेरीच्या राजांचे मुकुट अजून नवे होते, त्या काळातली ही गोष्ट. तिसा नदीच्या काठी बोर्का नावाची एक विधवा राजाच्या घोड्या राखायची. हाताखाली गडी होते, सगळे लढायांत पकडून आणलेले गुलाम. कुणी बल्गार, कुणी स्लाव्ह, आणि एकाची भाषा तर कुणालाच कळायची नाही.

एका वसंतात पूर्वेकडून शत्रू आला. त्याने राजाला पलीकडच्या काठावर गाठलं, होड्या जाळल्या, घोडे बाणांनी मारले. राजाचं सैन्य पायी उरलं, आणि पाठीशी बर्फाच्या पाण्याने फुगलेली तिसा.

अलीकडून सगळं दिसत होतं. गडी म्हणाले, आता राखण कसली, घोड्या घेऊन पळू या, आपण सुटलो. बोर्काने त्यांना अडवलं नाही. याच नदीने तिचा नवरा नेला होता. ज्याला जायचं त्याने जावं, एवढंच ती म्हणाली. मग पांढऱ्या घोडीवर बसून ती पाण्यात शिरली. सगळा कळप तिच्यामागे गेला. गडी क्षणभर थांबले. मग एकेकाने घोडीची शेपटी धरली आणि उडी घेतली.

असं म्हणतात, की मध्यावर घराएवढी लाट आली. पांढरी घोडी खिंकाळली, आणि लाट जागच्या जागी उभी राहिली. शेवटचा गडी काठाला लागेपर्यंत तिसा हलली नाही.

सैनिक खोगिराशिवायच ओल्या पाठींवर चढले. दिवस कलायच्या आत शत्रूची छावणी रिकामी झाली. असं म्हणतात, की पळताना त्यांनी टाकलेले नगारे पुढे कित्येक वर्षं तिथल्या लग्नांत वाजले.

राजाने बोर्काला सरदारकी दिली, काठावरची कुरणं दिली, आणि तुझ्या कुळात कोण कोण, असं विचारलं. बोर्काने भिजलेल्या गड्यांकडे हात केला.

"हे माझे भाऊ."

राजा हसला. "यांच्यात दोघांचे चेहरे सारखे नाहीत, बाई. सख्खे कसे?"

"महाराज, आम्ही सगळे आत्ताच एका नदीच्या पोटातून बाहेर आलो."

राजाचं हसणं थांबलं. त्याने घोडीवरून उतरून, स्वतःच्या हाताने, एकेकाच्या गळ्यातलं गुलामीचं कडं काढलं.

त्या कुळाने पुढे सेनापती दिले, बिशप दिले. त्या कुरणांवर वसलेल्या गावात आजही बर्फ वितळलं की लोक घोड्या घेऊन तिसेवर जातात. वर्षभरात गावात आलेली सून, जावई, परका सुतार, सगळ्यांना घोडीची आयाळ धरायला लावून उथळ पाण्यातून चालवतात. ते कुडकुडत वर आले की म्हातारी माणसं त्यांच्या अंगावर घोंगडी टाकतात आणि मोठ्याने विचारतात, हे कुणाचे?

सगळा काठ उत्तर देतो, "बोर्काचे!"